पंचायतीचा इमारतनिहाय नकाशा: बाह्यरेषा कोठून घ्यावी आणि नोंदी कोणत्या कराव्यात?

म्हादईकाठचा (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. सत्तरी तालुक्यात म्हादईच्या काठी असलेल्या आमच्या पंचायतीसाठी आम्ही काही ग्रामस्थ आणि स्थानिक शाळेतील शिक्षक मिळून इमारतींचा नकाशा करण्याच्या तयारीत आहोत. जुलै २०२१ मधील पूर येथील अनेकांना आठवत असेल. म्हादईचे पाणी वस्तीत शिरले, राज्यात सुमारे एक हजार घरांची हानी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले आणि १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी म्हटले होते. अशा वेळी कोणत्या वाड्यावर किती घरे मातीच्या भिंतींची आहेत, कोणत्या घराचे जोते सखल आहे, वरचा मजला असलेली आणि शेजाऱ्यांना आसरा देऊ शकतील अशी घरे कोणती, हे गावातील जुन्या माणसांना ठाऊक असते. मात्र ते कोठेही लिहिलेले नसल्यामुळे बाहेरून मदतीला येणाऱ्यांना त्याचा उपयोग होत नाही. ही माहिती नकाशावर आणावी असा आमचा हेतू आहे.

राष्ट्रीय भूस्थानिक धोरण २८ डिसेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले आणि त्यात २०३० पर्यंत शहरी व ग्रामीण भागाचे ५ ते १० सेंटिमीटर विभेदनाचे (म्हणजे तेवढा बारीक तपशील टिपणारे) सर्वेक्षण पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, हे मी वाचले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ठरविलेल्या १४ मूलभूत भूस्थानिक विषयांत ‘इमारती आणि वसाहती’ हा स्वतंत्र विषय असल्याचेही दिसले. मग प्रत्यक्षात आज आमच्यासारख्यांच्या हाती काय आहे? उपग्रहचित्रांवरून यंत्राने काढलेल्या इमारतींच्या बाह्यरेषा (गूगलची ओपन बिल्डिंग्ज आणि मायक्रोसॉफ्टच्या), स्वयंसेवकांनी मिळून केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा, गावांतील मालमत्ता मोजणाऱ्या स्वामित्व योजनेचे ड्रोन नकाशे आणि पंचायतीची घरपट्टीची नोंदवही, यांपैकी कशाला पाया मानावे? इमारतीला क्रमांक द्यायचा झाल्यास घरपट्टीचा क्रमांक वापरावा की सर्व्हे क्रमांक? आणि प्रत्येक इमारतीची नेमकी कोणती वैशिष्ट्ये टिपावीत, जेणेकरून काम आवाक्यात राहील आणि पुढे जनगणना किंवा राष्ट्रीय पातळीवरील माहितीशी त्याचा मेळही बसेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पर्वरीचा नकाशाकार

नमस्कार. आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे, कारण एकदा का शेकडो घरांची माहिती गोळा झाली की ‘एक इमारत म्हणजे काय’ हे नव्याने ठरविणे फार जड जाते. म्हणून आधी उपलब्ध माहितीबद्दल लिहितो आणि मग क्रमांकाबद्दल.

गूगलच्या ओपन बिल्डिंग्जची २०२३ मधील तिसरी आवृत्ती सुमारे १.८ अब्ज इमारतींच्या बाह्यरेषा देते आणि त्यात दक्षिण आशिया येतो, अर्थात गोवाही येतो. प्रत्येक इमारतीसाठी तिच्यात बहुभुज, मध्यबिंदू, चौरस मीटरमधील क्षेत्रफळ, प्लस कोड (स्थान सांगणारा गूगलचा छोटा संकेत) आणि ती खरोखर इमारत असल्याची यंत्राला किती खात्री आहे हे सांगणारा ०.६५ ते १ या दरम्यानचा विश्वासांक असतो. इमारत मातीची की चिऱ्याची, एकमजली की दुमजली, घर की गोदाम, यांपैकी काहीही त्यात नाही. मायक्रोसॉफ्टची माहितीही साधारण याच जातीची आहे. काही इमारतींना अंदाजित उंची दिलेली आढळते, पण माडांच्या आणि आंब्या-फणसांच्या छायेतील बैठ्या घरांसाठी मी त्या उंचीवर विसंबणार नाही. ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन हे सारे स्रोत एकत्र करून, जेथे ओपनस्ट्रीटमॅपवर कोणी हाताने रेखाटलेली इमारत असेल तेथे तिला प्राधान्य देऊन, एकच थर (नकाशावर चढविता येणारा माहितीसंच) प्रसिद्ध करते. आपणासारख्या गटाने सुरुवातीला तो थर घेणे सोयीचे ठरेल. त्यावरील परवाना ओडीबीएल (खुल्या माहितीसंचांसाठीचा परवाना) असल्याने, त्यापासून तयार झालेला माहितीसंच आपण प्रसिद्ध केल्यास तो त्याच अटींवर खुला ठेवावा लागेल, एवढे पंचायतीला आधीच सांगून ठेवावे.

मात्र या साऱ्या बाह्यरेषा छपराच्या आहेत, भिंतींच्या नव्हेत; गोव्यात हा फरक किरकोळ नसतो. आपल्याकडे पावसापासून भिंत वाचविण्यासाठी छपराची वळचण चांगली बाहेर काढलेली असते. समजा, घर भिंतींच्या बाहेरून ८ मीटर रुंद आणि १० मीटर लांब आहे. त्याचे क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. चारही बाजूंना वळचण पाऊण मीटर असेल, तर वरून दिसणारे छप्पर साडेनऊ बाय साडेअकरा मीटर, म्हणजे सुमारे १०९ चौरस मीटर भरते. क्षेत्रफळावरून घरपट्टी, नुकसानभरपाई किंवा रहिवाशांची संख्या काढू पाहणाऱ्याचा हिशेब येथेच तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फुगतो. त्यामुळे आपल्या तक्त्यात ‘बाह्यरेषा छपराची की जोत्याची’ असा स्तंभ असलाच पाहिजे. जुन्या घरांत मध्ये राजांगण (उघडा चौक) असते. यंत्राने काढलेल्या बहुभुजात ते अनेकदा बुजलेले असते आणि ते हाताने मोकळे करावे लागते. उलट, घराला लागून उभारलेली पत्र्याची पडवी, गोठा आणि लाकडांची खोप हे सारे एकाच बहुभुजात मिसळलेले सापडेल.

स्थानाचीही एक अडचण आहे. उपग्रहाचे चित्र तिरक्या कोनातून घेतलेले असते आणि सत्तरीसारख्या डोंगराळ भागात त्यामुळे बाह्यरेषा काही मीटर सरकलेल्या दिसतात. प्रत्येक घर वेगवेगळे ढकलून ‘बरोबर’ करण्याच्या मोहात पडू नये. पूल, देवळाचा चौथरा, शाळेच्या कुंपणाचा कोपरा अशा वरून स्पष्ट दिसणाऱ्या आणि जमिनीवर नेमक्या मोजता येणाऱ्या काही जागा निवडाव्यात, सरासरी सरक काढावी आणि तेवढ्या भागापुरता संपूर्ण थर एकाच मापाने हलवावा. क्षेत्रफळे आणि अंतरे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात काढावीत. संपूर्ण गोवा त्यात बसतो. माहिती शेपफाइलऐवजी जिओपॅकेजमध्ये साठवावी (ही दोन्ही नकाशा-माहितीच्या फाइलींची स्वरूपे आहेत). शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला दहाच अक्षरांची जागा असते आणि देवनागरी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना बिघडण्याचा संभव फार.

आता क्रमांक. माझे ठाम मत असे आहे की घरपट्टीचा क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक यांपैकी एकही इमारतीची ओळख म्हणून वापरू नये. नेदरलँड्समध्ये पत्ते आणि इमारतींची जी राष्ट्रीय मूलनोंदवही आहे, तिची रचना आपण पाहावी अशी शिफारस करतो. तेथे इमारत ही एक नोंद आणि तिच्यातील स्वतंत्र वापराचा गाळा ही दुसरी नोंद. दोहोंना १६ अंकी कायमचा क्रमांक मिळतो. इमारतीकडे बांधकामाचे वर्ष आणि सद्यःस्थिती असते. वापराचा प्रकार आणि क्षेत्रफळ गाळ्याकडे असते. इमारत पाडली, तरी तिची नोंद पुसली जात नाही, तिची स्थिती ‘पाडलेली’ अशी बदलते आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही. नोंदी नगरपालिका करते, देशपातळीवर त्या एकत्र ठेवण्याचे काम तेथील भूमापन संस्था करते आणि शासकीय कामांत हीच माहिती वापरण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. आपल्या पंचायतीपुरते हे तत्त्व सहज पाळता येईल. अर्थशून्य, चढता क्रमांक द्यावा. त्यात प्रभागाचा अंक गुंफू नये, कारण प्रभागांची पुनर्रचना झाली की तो अंक खोटा पडतो. घरपट्टीचे क्रमांक, वीजजोडणीचे क्रमांक आणि ओव्हर्चरचा ओळखक्रमांक हे सारे वेगळ्या जोडतक्त्यात ठेवावेत, जेणेकरून एका इमारतीला तीन घरपट्ट्या असल्या किंवा एका घरपट्टीत दोन इमारती असल्या, तरी मूळ नोंद हलणार नाही.

निवृत्त भूमापक

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. सर्व्हे क्रमांकाबद्दल त्यांनी जे थोडक्यात म्हटले आहे, ते मी अधिक विस्ताराने मांडू इच्छितो, कारण गोव्यात याच मुद्द्यावर सद्हेतूने केलेले नकाशेही वादात सापडतात.

आपल्याकडील एक-चौदाचा उतारा आणि त्यासोबतचा सर्व्हे आराखडा हा जमिनीचा दस्तऐवज आहे. गोवा, दमण आणि दीव जमीन महसूल संहिता १९६८ ची; तिच्याखाली झालेल्या मोजणीत घरे आराखड्यावर दाखविली गेली खरी, परंतु ती त्या काळची घरे. आज तेथे उभे असलेले घर आराखड्यावर नाही, म्हणून ते बेकायदा, किंवा आराखड्यावर आहे, म्हणून ते आजही उभे आहे, असे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. शिवाय भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) एकाच पोटहिश्श्यात मुंडकारांची (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची) पाच-सहा घरे असणे ही आपल्याकडील सर्वसाधारण स्थिती आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या कुटुंबांना राहत्या घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण दिले आणि घराखालील जागा विकत घेण्याचा मार्गही खुला केला. मात्र ज्यांची ती प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, त्यांच्या बाबतीत घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, ही स्थिती कायम आहे. कोमुनिदादच्या (जुन्या ग्रामसंस्थेच्या) जमिनींवरील घरे आणि सत्तरीतील मोकासो (जुन्या इनामी) व वनजमिनींचे प्रश्न यांत आणखी भर घालतात. त्यामुळे सर्व्हे क्रमांकाला इमारतीची ओळख मानल्यास पाच घरांची एकच नोंद होईल आणि ती ज्याच्या नावाने दिसेल, त्याचा त्या घरांशी संबंध असेलच असे नाही.

स्वामित्व योजनेबद्दल आपण विचारले आहे. ती २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. पंचायती राज मंत्रालय, राज्याचे महसूल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग ती मिळून राबवितात आणि गोव्यातही तिच्याखाली ड्रोनने मोजणी झालेली आहे. बाह्यरेषेचा काटेकोरपणा पाहिला, तर उपग्रहचित्रावरून यंत्राने काढलेली कोणतीही रेषा या मोजणीची बरोबरी करू शकत नाही, म्हणून पंचायतीने रीतसर अर्ज करून आपल्या हद्दीतील ड्रोन चित्र मिळविण्याचा प्रयत्न अवश्य करावा. तथापि ही योजना गावठाणातील मालमत्तेची हद्द ठरविण्यासाठी आखलेली आहे. देशावर गावठाण एका जागी दाटलेले असते आणि त्याभोवती शेती असते. आपल्याकडे घरे भाटांत, कुळागरांच्या कडेला, डोंगराच्या उतारावर वाड्यावाड्यांनी विखुरलेली असतात. त्यामुळे या मोजणीत आपल्या गावाचा कोणता भाग आला आणि कोणता राहिला, हे पाहूनच तिचा आधार घ्यावा. दुसरे असे की, तिचा मुख्य घटक मालमत्तेचा तुकडा आहे. इमारत त्यात दिसते, पण इमारतीची बांधणी हा तिचा विषय नव्हे. शहरांसाठी १८ फेब्रुवारी २०२५ पासून १५२ नागरी संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या ‘नक्शा’ कार्यक्रमाचाही रोख जमिनीच्या हक्कनोंदीवरच आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, आपल्या नकाशाच्या प्रत्येक पानावर आणि माहितीसंचाच्या वर्णनात ठळकपणे लिहावे: ‘हा नकाशा आपत्ती नियोजनासाठी आहे, यातील कोणतीही रेषा हद्द दर्शवीत नाही आणि कोणतीही नोंद मालकी, ताबा किंवा बांधकामाची वैधता सिद्ध अथवा असिद्ध करीत नाही.’ मालकाचे नाव हा स्तंभच ठेवू नये. घरमालक की भाडेकरू, भाटकार की मुंडकार, हे विचारण्यास सुरुवात केलीत की लोक दार लावून घेतील, आणि त्यांचे तसे करणे मी समजू शकतो.

म्हादईकाठचा (प्रश्नकर्ता)

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. देव बरे करो. मालकीचा स्तंभ आम्ही आजच काढून टाकला. राहिलेल्या दोन शंका विचारतो. एक, भिंत, छप्पर आणि जोते यांच्या नोंदीसाठी कोणते पर्याय ठेवावेत, आणि त्यांतील किती गोष्टी चित्रावरून भरता येतील? दुसरी, भावाभावांत वाटणी होऊन मध्ये भिंत घातलेली, दोन दारे आणि दोन स्वयंपाकघरे असलेली घरे आमच्याकडे बरीच आहेत; त्यांना एक इमारत धरावे की दोन?

फोंड्याची वास्तुविशारद

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे आपल्या पहिल्या शंकेबद्दल अधिकाराने लिहू शकेन असे वाटते.

छपरावरून बांधणीचा अंदाज करणे गोव्यात धोक्याचे आहे. वरून मंगळुरी कौले दिसतात, पण त्यांच्याखाली सिमेंट काँक्रीटचा तिरका स्लॅब असतो, कारण गेल्या काही दशकांत अनेकांनी घराला जुने रूप ठेवण्यासाठी स्लॅबवर कौले बसविली. उलट, वरून रंगीत पत्र्याचे छप्पर दिसते, तेव्हा ते बहुधा गळणाऱ्या गच्चीवर पावसापासून संरक्षण म्हणून उभारलेले असते आणि खाली भक्कम स्लॅबची दुमजली इमारत असते. मे २०२१ मधील तौक्ते वादळासारख्या प्रसंगी या दोन छपरांचे भवितव्य पूर्णपणे वेगळे असते. म्हणून आच्छादन आणि आधार असे दोन वेगळे स्तंभ ठेवावेत. आच्छादनात मंगळुरी कौले, नळ्याची कौले, सिमेंटचे पत्रे, धातूचे पत्रे, उघडी गच्ची. आधारात लाकडी वासे, लोखंडी सांगाडा, स्लॅब. आच्छादन चित्रावरून भरता येते, आधार मात्र घरात जाऊन वर पाहिल्याशिवाय कळत नाही.

भिंतींच्या बाबतीत जनगणनेचे वर्ग आधार म्हणून घ्यावेत आणि त्यांत आपल्याला हवे ते पोटवर्ग घालावेत, म्हणजे पुढे बेरीज करून तुलना करता येईल. २०११ च्या घरयादीत दगडी भिंतीचे दोन प्रकार केले होते: सांध्यात मसाला भरलेली आणि न भरलेली. आपल्याकडे बहुतेक भिंती चिऱ्याच्या. त्यामुळे ‘दगड’ एवढेच लिहिले, तर सत्तरीतील जवळजवळ सारी जुनी घरे एका रांगेत बसतील. खरा फरक सांध्यात आहे. चिरा सिमेंटच्या मसाल्यात बसविलेला असेल, तर पुराचे पाणी ओसरल्यावर भिंत बहुधा उभी राहते. चिरा मातीत बसविलेला असेल, तर पाणी भिंतीत मुरून सांधे मऊ होतात आणि पूर ओसरल्यानंतर, लोक घरात परतल्यावर, भिंत कोसळण्याचा धोका राहतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असल्याने हा फरक दिसत नाही. पडवीच्या आतल्या बाजूस, गोठ्याच्या भिंतीत किंवा गिलावा उडालेल्या कोपऱ्यात तो पाहावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांना तो नक्की माहीत असतो. कळले नाही, तर ‘कळले नाही’ हा पर्याय असावा. रिकामा स्तंभ आणि ‘पाहिले, पण कळले नाही’ ही नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नकाशा वाचणाऱ्याला त्या वेगळ्या दिसायला हव्यात.

भारतीय इमारतींच्या दुर्बलतेबद्दल राष्ट्रीय पातळीवर जो व्हल्नरेबिलिटी ॲटलास आहे, त्याची तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तोही जनगणनेतील भिंत आणि छपराच्या साहित्यावरून घरांचे वर्ग करतो, पण त्याचे तक्ते जिल्हानिहाय आहेत. पंचायतीला आपले घर त्यात शोधता येणार नाही. त्यातील वर्ग मात्र उचलता येतील.

जोत्याबद्दल विशेष आग्रहाने सांगते, कारण पुरासाठी याहून महत्त्वाची नोंद नाही. अंगणापासून मुख्य दाराच्या उंबरठ्यापर्यंतची उंची साध्या टेपने सेंटिमीटरमध्ये मोजावी. मोबाइलवरील जीपीएसची उंची या कामास निरुपयोगी आहे. तिच्यात कित्येक मीटरची चूक असते, शिवाय अनेक मोबाइल समुद्रसपाटीऐवजी गणिती लंबवर्तुळापासूनची उंची दाखवितात आणि गोव्यात या दोहोंत साठ मीटरहून अधिक अंतर असल्याने, डोंगरावरील घरसुद्धा उणे आकड्यात दिसू शकते. मोफत मिळणाऱ्या उपग्रहीय उंचीच्या नकाशांतही मीटरच्या चुका असतात, तर आपल्याला प्रश्न वीतभर पाण्याचा आहे. त्याऐवजी २०२१ चे पाणी कोठवर आले होते, हे घरच्यांना विचारून, भिंतीवरील खूण अजून दिसत असल्यास ती पाहून, उंबरठ्यापासून तिची उंची मोजावी. शेजारच्या घरांच्या अशा नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या की चुकीची आठवण लगेच उघडी पडते, आणि त्या साऱ्या एकत्र आल्यावर पाण्याची पातळी वाड्यावाड्याने कशी चढली, हे कोणत्याही महागड्या उपकरणाशिवाय कळते. अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाने पूरहानीच्या अभ्यासासाठी जी राष्ट्रीय बांधकाम सूची तयार केली आहे, तिच्यात प्रत्येक बांधकामाच्या पायाच्या उंचीचा स्तंभ आहे, परंतु देशभर टेप लावणे शक्य नसल्याने त्यातील पुष्कळशा उंची अनुमानाने भरलेल्या आहेत. आपली पंचायत लहान आहे आणि प्रत्येक उंबरठा मोजता येण्याजोगा आहे. या संधीचा पूर्ण उपयोग करावा.

वाटणीच्या घरांबद्दल माझा निकष बांधणीचा आहे. आढे एक असेल आणि मधली भिंत दोन्ही बाजूंचे छप्पर तोलत असेल, तर ती एकच इमारत, कारण एका भावाच्या बाजूची भिंत खचली की दुसऱ्याचे छप्परही जाणार. तिच्यात गाळे मात्र दोन. जनगणनेतही इमारत वेगळी आणि ‘जनगणना घर’ वेगळे धरलेले असून, रस्त्यावरून, समाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार असलेला आणि स्वतंत्र घटक म्हणून वापरला जाणारा भाग म्हणजे जनगणना घर, अशी तेथील व्याख्या आहे. आपले गाळे या व्याख्येने मोजावेत.

पर्वरीचा नकाशाकार

फोंड्याच्या ताईंनी दिलेला बांधणीचा निकष मला पूर्ण मान्य आहे. जनगणनेचा उल्लेख झाला, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. २०२७ च्या जनगणनेत घरयादीचे काम डिजिटल पद्धतीचे असून इमारतींचे स्थानही टिपले जाते, हे ऐकून अनेकांना वाटते की मग आपण वेगळे श्रम कशाला घ्यावेत. जनगणना अधिनियम १९४८ नुसार घराघराची उत्तरे गोपनीय असतात. पंचायतीच्या हाती येतील ते बेरजेचे आकडे. आपल्या वाड्यावर मातीच्या भिंतींची घरे किती, हे त्यातून कदाचित कळेल, कोणती हे कळणार नाही. २०११ मध्ये गोव्यात रिकाम्या घरांचे प्रमाण लक्षणीय होते हे बेरजेतून दिसते, पण बोट घेऊन निघालेल्या पथकाला कोणते दार ठोठवायचे आणि कोणते घर मालक मुंबईला किंवा विलायतेला असल्याने बंद आहे, हे ठाऊक असावे लागते.

येथेच गोपनीयतेचा प्रश्न येतो. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची माहिती, तसेच बंद घरांची यादी, नकाशाच्या थरात मुळीच घालू नये. ती वेगळ्या वहीत, इमारतीच्या क्रमांकाने, पंचायतीच्या कुलपात राहावी आणि प्रत्येक पावसाळ्यापूर्वी संबंधितांच्या संमतीने नव्याने लिहिली जावी. चोराच्या हाती बंद घरांचा नकाशा देण्यासारखा दुसरा अविचार नाही; शिवाय २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आता आहेच. ओपनस्ट्रीटमॅपवर बाह्यरेषा, मजले, छपराचे आच्छादन आणि शाळा, देऊळ, समाजगृह अशा सार्वजनिक इमारतींचा वापर एवढेच चढवावे. उंबरठ्याच्या आणि पाण्याच्या खुणांच्या नोंदी वाड्यानिहाय सारांश करून प्रसिद्ध करता येतील. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकांना असा नकाशा करण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. ड्रोन उडवायचा झाल्यास मात्र डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहूनच उडवावा.

प्रत्येक नोंदीला दिनांक आणि स्रोत जोडावा, आणि तोही स्तंभागणिक. कारण बाह्यरेषा २०२३ च्या थरातील, आच्छादन चित्रावरून आणि जोते प्रत्यक्ष मोजलेले, असे एकाच इमारतीत मिश्रण होणार आहे. दारोदारची फेरी जानेवारी ते एप्रिलमध्ये उरकावी. मे महिन्यात पावसाळी पत्रे आणि निळे प्लॅस्टिक चढले की घरांचे रूप बदलते आणि तात्पुरती पडवी कोणती, हे ओळखणे अवघड होते.

नकाशा चालू राहण्यासाठी पंचायतीच्या नेहमीच्या कामाशी त्याची सांगड घाला. नवीन घरपट्टी लागू झाली, बांधकाम परवाना दिला गेला, दुरुस्तीची परवानगी मागितली गेली किंवा पडझडीचा पंचनामा झाला, की त्याच दिवशी सचिवांनी इमारतीचा क्रमांक त्या कागदावर लिहावा. क्रमांक नसेल, तर नवा द्यावा आणि महिन्याच्या शेवटी आपल्या गटाने तेवढ्याच घरांना भेट देऊन नोंद पूर्ण करावी. या चार कागदांच्या अर्जांवर क्रमांकासाठी चौकट छापून घेण्याचा ठराव पंचायत मंडळाच्या पुढील बैठकीतच मांडता आला, तर फार बरे होईल. ठरावाचा मसुदा हवा असल्यास कळवावे, मी लिहून देईन.